फ्लायब्रिज की ट्रॉलर? मध्यम मोटर यॉट निवडताना

चाळीस ते साठ फुटांची मोटर यॉट घ्यायची म्हटलं की शेवटी दोनच बोटी समोर उरतात. एक वेगवान फ्लायब्रिज, म्हणजे छतावरही सुकाणू आणि बसायची जागा असलेली, पॉड ड्राइव्हवाली (तळाखाली फिरणाऱ्या प्रोपेलर-युनिटवर चालणारी), नवी किंवा दोन-तीन वर्षं वापरलेली. दुसरी ट्रॉलर, म्हणजे मासेमारी बोटीच्या धाटणीची, जड, शाफ्टवर (इंजिनापासून प्रोपेलरपर्यंतच्या सरळ दांड्यावर) चालणारी, दहा-बारा वर्षं जुनी. किंमत बऱ्याचदा आसपासच असते, म्हणून माणूस अडकतो.

आधी बाजाराचं. 2020-21 मध्ये जाहिरात पडायच्या आत बोटी विकल्या जात होत्या, आणि सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी, न करता पैसे मोजणारेही कमी नव्हते. 2022 पासून व्याजदर चढले आणि त्या घाईत घेतलेल्या बोटी हळूहळू विक्रीला परत आल्या. आज घेणाऱ्याच्या हातात वेळ आहे, आणि माझ्या मते सवलतीपेक्षा या वेळेची किंमत जास्त आहे. एक गोष्ट मात्र बघायलाच हवी. कारखाने हात बदलतात. बव्हेरिया 2018 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नव्या मालकाकडे आली. त्याच वर्षी ब्रन्सविकने सी रे ब्रँडच्या मोठ्या यॉटची बांधणी थांबवायचं ठरवलं. प्रिन्सेस 2023 मध्ये आणि सनसीकर 2024 मध्ये नव्या गुंतवणूकदारांकडे गेली. बोट बांधणारा बंद पडला तरी इंजिनाचे भाग मिळत राहतात, कारण इंजिन दुसऱ्याच कंपनीचं असतं. अडतं ते वाकदार काचा, हॅच, फायबरचे साच्यातले भाग अशा गोष्टींवर.

आता तळ. सगळा फरक तिथून सुरू होतो. पाणी बाजूला सारत जाणाऱ्या बोटीचा वेग तिच्या पाणरेषेच्या लांबीने बांधलेला असतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले 1.34. पाणरेषा 45 फूट असेल तर उत्तर सुमारे 9 नॉट (तासाला 9 सागरी मैल) येतं. त्यापुढे जायचं तर बोटीला स्वतःच्याच लाटेवर चढावं लागतं आणि डिझेल ओतावं लागतं. फ्लायब्रिजचा तळ ही चढण पार करून पाण्यावर उठतो आणि 22-24 नॉटने पळतो.

60 सागरी मैलांचा प्रवास धरा. फ्लायब्रिज अडीच-पावणेतीन तासांत पोचेल आणि साधारण 350 ते 400 लिटर डिझेल पिईल. ट्रॉलरला साडेसात नॉटने आठ तास लागतील, पण 100-120 लिटरमध्ये काम होईल. ज्याच्याकडे फक्त शनिवार-रविवार आहे त्याचा आठ तासांत एक अख्खा दिवस जातो, त्याने ट्रॉलर घेऊ नये, हे मी स्पष्टच सांगतो. पण महिना-दोन महिने बोटीवर राहायचं असेल तर वाटच प्रवासाचा भाग होते, आणि तिथे ट्रॉलरला तोड नाही. नॉर्डहॅवनची फक्त 40 फुटी बोट 2001-02 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, ती असल्याच संथ, जड तळाच्या जोरावर.

मधला मार्गही आहे: सेमी-डिस्प्लेसमेंट, म्हणजे या दोन तळांच्या मधला तळ, गरज पडली तर 14-16 नॉट. ऐकायला छान वाटतं, पण नेमक्या त्याच वेगात ही बोट नाळ वर करून पाणी ढकलत असते. तो वेग वादळाच्या आत बंदर गाठण्यापुरता समजावा.

समुद्र खवळला की दोघींचे स्वभाव कळतात. फ्लायब्रिजला वेग कमी करावा लागतो, आणि मागून लाटा आल्या की तिची रुंद, सपाट मागची बाजू भरकटते, सुकाणूवर सतत लक्ष लागतं. ट्रॉलर दिशा धरून राहते, पण आडव्या लाटेत डुलते. डुलणं कमी करणारे फिन (तळाचे पंख) किंवा जायरो (वेगाने फिरणारं जड चाक) असेल तरच घरची माणसं दुसऱ्यांदा येतील. जायरो नांगरावरही काम करतो, मात्र त्याला पूर्ण फिरकी धरायला बराच वेळ लागतो आणि तोवर व नंतरही जनरेटर चालू ठेवावा लागतो. कागदपत्रांत युरोपीय श्रेणीही वाचा: ‘बी’ म्हणजे ब्यूफोर्ट मापाने 8 फोर्सपर्यंतचा वारा आणि 4 मीटरपर्यंतच्या लाटा, ‘सी’ म्हणजे 6 फोर्स आणि 2 मीटर.

पॉड की शाफ्ट, हा वाद 2005 च्या सुमारास व्होल्वो पेंटाचं आयपीएस हे पॉड ड्राइव्ह आलं तेव्हापासून चालू आहे. पुढे तोंड करून एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे दोन प्रोपेलर, जॉयस्टिकने धक्क्याला लावण्याची सोय, इंजिनं मागे गेल्यामुळे मधोमध पूर्ण रुंदीची केबिन. दोघांनीच बोट हाकायची असेल तर जॉयस्टिकचं महत्त्व वाऱ्याच्या दिवशी कळतं. पण हे प्रोपेलर दोर आणि ओंडका सर्वांत आधी झेलतात. ट्रॉलरमध्ये एकच इंजिन असेल तर प्रोपेलर कीलच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या, आडोशाला सुरक्षित असतो, आणि शाफ्ट, बेअरिंग, ग्लँड (शाफ्टभोवतीचं पाणी अडवणारं सील) यांची दुरुस्ती कोणतंही साधं यार्ड करतं. वापरलेली पॉडवाली बोट बघत असाल तर पॉडचं तेल काढून बघा. दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी आत गेलं आहे.

मित्राबरोबर अशीच एक बारा वर्षांची शाफ्टवाली बोट बघायला गेलो होतो. सलून, म्हणजे आतली बैठकीची खोली, चकाचक. समुद्रात नेऊन थ्रॉटल पूर्ण उघडला तर मिनिटाला 3,500 फेऱ्यांऐवजी डावं इंजिन 3,150 वर थांबलं, मागे काळा धूर. विकणारा म्हणाला, तळाला शेवाळ आहे. बोट वर काढली, तळ बऱ्यापैकी स्वच्छ निघाला, आणि तसंही शेवाळाने दोन्ही इंजिनं सारखीच दमली असती. सर्व्हेअरने आफ्टरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारा भाग) उघडला तेव्हा आतल्या पत्र्यांवर मिठाचा हिरवट-पांढरा थर बोटाने खरवडता येत होता. कित्येक वर्षं तो कुणी उघडलाच नव्हता. मित्राने इंजिनरूममध्ये उताणं झोपून दुसऱ्याही इंजिनाच्या एक्झॉस्ट एल्बोखाली (धूर बाहेर नेणाऱ्या वाकड्या नळीखाली) हात फिरवला. बोटं गंजाने लाल झाली.

दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा झाल्यावरच त्याने ती घेतली. ते शक्य झालं, कारण करारात आधीच लिहिलं होतं: सर्व्हे आणि सागरी चाचणी पसंत पडली नाही तर इसाराची रक्कम पूर्ण परत.