जुन्या इमारतीत दहा महिने: घर बघताना काय पाहिलं, काय राहून गेलं

इमारत चाळीस वर्षांहून जुनी. चार मजले, लिफ्ट नाही, आमचं घर सगळ्यात वर. भाड्याने घ्यायच्या आधी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा संध्याकाळी, आणि दोन्ही वेळा मन उजेडावर आणि वाऱ्यावर जडलं. तो उजेड, तो वारा खरा निघाला हे आधीच सांगते. उंच छत, जाड भिंती, समोरासमोरच्या खिडक्या, शेजारचा टीव्ही ऐकू येत नाही. घर मला मनापासून आवडतं. म्हणूनच ते बघताना जे सुटलं त्याची जास्त हळहळ वाटते.

पहिलं सुटलं ते पाणी. नळ सोडून पाहिला, पाणी आलं, पुढे गेलो. राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी पांढऱ्या बादलीत तांबूस पाणी पडलं. जुने जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप आतून गंजतात. रात्रभर पाणी उभं राहिलं की तो गंज सकाळच्या पहिल्या पाण्यात उतरतो. संध्याकाळपर्यंत नळ दहा वेळा वापरून झालेला असतो, मग काही दिसत नाही. गंजाचे थर साचून पाईपचं तोंडही आतून लहान होतं, म्हणून एक नळ जोरात चालतो आणि दुसरा उघडला की दोन्ही मंदावतात. तेव्हा बाथरूमचा आणि स्वयंपाकघराचा नळ एकाच वेळी सोडून बघा, तेही सकाळी.

वरच्या मजल्याला आणखी एक अडचण असते, ती मला इथे येऊन कळली. पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो: दहा मीटर उंचीला साधारण एक बार. आमच्या शॉवरपासून टाकीतल्या पाण्यापर्यंत जेमतेम तीन मीटर, म्हणजे ०.३ बारच्या आसपास. तळमजल्यावर धो धो पाणी आणि आमच्याकडे बारीक धार. आधीच्या घरातला इन्स्टंट गीझर इथे सुरूच होईना, कारण त्याला लागणारा किमान दाब मिळत नव्हता. शेवटी साठवणीचा गीझर बसवला.

विजेच्या बाबतीत मात्र थोडी सावध होते. चावी मिळाल्यावर सामान आणायच्या आधी वायरमनला घेऊन गेले. तीन भोकांचे सॉकेट सगळ्या खोल्यांत होते, दिसायला नवे. त्याने टेस्टिंगचा दिवा फेज आणि अर्थच्या भोकांत लावला, तर दोन खोल्यांत तो पेटलाच नाही. अर्थिंगची तार मागे जोडलेलीच नव्हती, फक्त पट्टी बदलली होती. एक बोर्ड उघडला तर जुन्या वायरचं रबर हात लावताच बिस्किटासारखं चुरलं. मी ते बोटांवर घेऊन पाहिलं आणि पोटात गोळा आला. घरमालकांनी त्या दोन खोल्यांची वायर बदलून दिली आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला, त्याबद्दल त्यांचे खरंच आभार. पण हे करारावर सही करायच्या आधी व्हायला हवं होतं. तेव्हा आपला शब्द जड असतो.

भिंतींना ताजा रंग होता. जुन्या घरात नुकताच दिलेला रंग दिसला की मी आता कपाट सरकवायला सांगेन. आमच्या झोपायच्या खोलीत बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर चौथ्या महिन्यात फुगवटा आला, मग पांढरी भुकटी सुटू लागली. ते मीठ असतं. ओल भिंतीतून बाहेर येते, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. भुकटी दिसली म्हणजे पाणी आतून येतंय. वरून कितीही पुट्टी मारली तरी ती सुटणारच. आमच्याकडे भिंतीतल्या पाईपचा सांधा गळत होता.

तडे सगळेच भीतीचे नसतात. प्लास्टरवरचे केसासारखे बारीक तडे जवळपास प्रत्येक जुन्या घरात असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारा तडा मात्र इंजिनिअरला दाखवावा. तुळईच्या किंवा खांबाच्या लांबीत सळीच्या रेषेने गेलेला तडा तर नक्कीच. सळी गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलते, म्हणून आधी तडा, मग पोपडे, मग उघडी सळी. जिन्याखाली आणि पार्किंगच्या छताला हे आधी दिसतं, कारण तिथे कोणी रंग देत नाही. आमच्या बैठकीतल्या एका तड्याच्या टोकाला मी पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली. दहा महिन्यांत तो रेघेपुढे गेलेला नाही.

बाथरूममध्ये पहिल्या भेटीत उग्र वास होता. बंद घराच्या नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे फरशीच्या जाळीखाली वास अडवायला साठून राहणारं, पाणी सुकलं की गटाराचा वायू वर येतो. बादलीभर पाणी ओतलं, वास गेला. गेला नसता तर पाईप किंवा ट्रॅप फुटका असल्याचा संशय घ्यायचा.

दोन्ही भेटींत गच्चीवर गेले नाही, हे सगळ्यात जास्त लागलं. दोन मजले खाली राहणाऱ्या आजींनी जिन्यात विचारलं, "पावसात वर थांबलात का गं?" तोवर पावसाळा यायचा होता. पहिल्या मोठ्या पावसात छताच्या कोपऱ्यात ओलीचा नकाशा उमटला. वर जाऊन पाहिलं तर उतार पाण्याच्या तोंडाकडे नव्हताच, कठड्याशी डबकं साचलं होतं. एक वाक्य आजींना आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं. इमारतीतली माणसं सांगतात, विचारायला जावं लागतं.

करार वाढवतोय, पण यावेळी गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाच्या आधी, हे लेखी घेतलंय. काम झाल्यावर गच्चीचं पाणी जायचं तोंड बंद करून ४८ तास पाणी साचवून बघायचं ठरलंय. पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन, म्हणून स्लॅब जुना असल्याने इंजिनिअरला आधी विचारणार आहोत. ते दोन दिवस मी घरीच थांबणार आहे, त्या कोपऱ्याखाली.