चौदा वॅटचा हिशोब : स्टीम डेक ओएलईडी, अकरा महिन्यांच्या वापरानंतर

२०२४ च्या दिवाळीत मावसभाऊ अमेरिकेहून आला, त्याच्याबरोबर स्टीम डेक आला, म्हणजे कॉम्प्युटरचे गेम हातात धरून खेळायचं यंत्र. ५१२ जीबीचं, ओएलईडी स्क्रीनचं मॉडेल. तिकडची तेव्हाची किंमत ५४९ डॉलर, वर तिथला कर. हे यंत्र बनवणारी व्हॉल्व्ह कंपनी ते भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे वॉरंटीचा विषय मी पहिल्याच दिवशी डोक्यातून काढून टाकला. काही बिघडलं तर आपणच उघडायचं, हे ठरवूनच घेतलं होतं.

फराळाला सगळे बसलेले असताना बाबांनी ते हातात घेतलं, उलटं करून बघितलं आणि विचारलं, "किती वॅट खातं?"

बाबांची सगळी नोकरी एमएसईबीत गेली. घरात मिक्सर येवो नाहीतर गीझर, त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. गेम किती फ्रेमने चालतो, स्क्रीन किती हर्ट्झचा, चिप कोणती, हे सगळं पाठ होतं. वॅट माहीत नव्हते. आज अकरा महिन्यांनी कोणी या यंत्राबद्दल विचारलं तर मी वॅटपासूनच सुरुवात करतो, म्हणून हा अनुभवही तिथूनच लिहितोय.

माझा वापर कुठे होतो ते आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. मी चाकण एमआयडीसीत नोकरीला आहे. शिवाजीनगरला कंपनीची बस पकडतो, मग खडकी, दापोडी, नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चाकण. सकाळी दीड तास, संध्याकाळी दोन. मोशीच्या पुढे कधी एकदा अडकलं की तळेगाव चौकापर्यंत बस नुसती सरकत राहते. आठवड्यातले सहा दिवस रोज साडेतीन तास मी या बसमध्ये असतो. घरी मुलगी, तिचा अभ्यास, आईची औषधं, यातून गेमसाठी वेळ काढणं मला जमत नाही आणि काढावासाही वाटत नाही. माझा गेमिंगचा वेळ म्हणजे ही बस.

आता हिशोब. ओएलईडी मॉडेलची बॅटरी ५० वॅट-तासांची आहे. तिला साडेतीन तासांनी भागलं की साधारण १४ येतात. म्हणजे पूर्ण यंत्राने, स्क्रीन आणि पंख्यासकट, सरासरी १४ वॅटच्या आत राहायचं. राहिलं तर जाऊन-येऊन एका चार्जवर होतं, कंपनीत चार्जर लावायची गरज नाही. हा आकडा मी कागदावर काढला त्या दिवसापासून हे यंत्र माझ्या खऱ्या उपयोगाचं झालं. त्याआधीचे दोन आठवडे सगळे गेम जास्तीत जास्त सेटिंगवर लावून मी भोसरी येईपर्यंत बॅटरीकडेच बघत बसायचो.

डेकमध्ये हा आकडा डोळ्यांसमोर ठेवता येतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. उजवीकडे तीन टिंबांचं बटण आहे. ते दाबलं की बाजूने मेन्यू उघडतो, त्यात परफॉर्मन्सच्या भागात चिपला किती वॅट द्यायचे (याला टीडीपी म्हणतात) आणि सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, काढायची, दोन्ही ठरवता येतं. प्रत्येक गेमसाठी वेगळं ठरवून ठेवता येतं, पुढच्या वेळी तो गेम उघडला की तेच लागू होतं. कोपऱ्यात बॅटरीतून या क्षणी किती वॅट जातायत तेही दिसतं. चिपची कमाल मर्यादा १५ वॅट आहे. माझ्या अनुभवात चिपला ९ वॅट दिले आणि उजेड मध्यम ठेवला की पूर्ण यंत्र १३ ते १४ वर राहतं.

९ वॅटमध्ये गेम रडत चालत असेल असं वाटेल. तसं होत नाही, आणि त्यामागचं कारण समजल्यावर मला फार बरं वाटलं. चिपचा वेग वाढवायचा तर तिला व्होल्टेजही जास्त द्यावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून वरचे शेवटचे चार-पाच वॅट ओतून वेग थोडासाच वाढतो, उष्णता मात्र भरपूर. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग स्कूटरसारखंच की. पन्नासवर जे ॲव्हरेज मिळतं ते ऐंशीवर कसं मिळेल?" यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

फ्रेमचंही असंच आहे. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. ३० म्हणजे ३३.३. या दोन वेळांच्या बरोबर मध्यावर २५ मिलिसेकंद येतात, आणि २५ मिलिसेकंद म्हणजे ४० फ्रेम. आकड्यात ४० हा ३० च्या जवळ दिसतो, पण हाताला जाणवणारा अर्धा फरक तिथेच भरून निघतो. यंत्राला मात्र ६० च्या मानाने एक तृतीयांश फ्रेम कमी काढाव्या लागतात. हा स्क्रीन ९० हर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे सेकंदाला ९० वेळा चित्र ताजं करतो; ४० फ्रेम ठरवल्या की तो स्वतः ८० वर येतो आणि प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवतो, त्यामुळे चित्र अडखळत नाही. मी आता वजनदार गेम सरळ ४० वर लावतो. साधे, द्विमितीय गेम ६० वर ठेवले तरी चालतात. स्टारड्यू व्हॅली तर पूर्ण यंत्र ७ वॅटच्या आसपास ठेवते. म्हणजे सात तास. त्या गेममध्ये मी आख्खा पावसाळा शेती केली.

राजी हा गेम मी मुद्दाम घेतला. २०२० साली आलेला, आपल्या पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला. आपल्याकडच्या पुराणकथांवर उभा असलेला, राजस्थानी वास्तूंची आठवण करून देणारे महाल असलेला गेम खडकीच्या सिग्नलला बसमध्ये बसून खेळताना मला मनापासून अभिमान वाटला. ९ वॅट, ४० फ्रेम, कुठे तक्रार नाही. सायबरपंक २०७७ सारखा गेम मात्र पूर्ण १५ वॅट मागतो, मग यंत्र २२-२४ वर जातं आणि दोन तासांत बॅटरी संपते. तो मी गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, घरी चार्जर लावून खेळतो.

कँटीनमध्ये यावर नेहमी वाद होतो. एका सहकाऱ्याकडे विंडोजवर चालणारा हँडहेल्ड आहे, त्याची चिप माझ्यापेक्षा पुष्कळ वेगवान आहे, आणि तो ते दर दोन दिवसांनी ऐकवतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर त्याचं चित्र माझ्या १२८० बाय ८०० पेक्षा रेखीव दिसतं. पण कंपन्यांनी स्वतः काय केलं ते बघा. आसूसचा पहिला आरओजी ॲलाय २०२३ मध्ये आला तेव्हा बॅटरी ४० वॅट-तासांची होती. २०२४ मध्ये ॲलाय एक्स आला त्यात मुख्य चिप तीच ठेवली, झेड१ एक्स्ट्रीम, आणि बॅटरी दुप्पट केली, ८०. वजन ६०८ ग्रॅमवरून ६७८ झालं तरी चालवून घेतलं. व्हॉल्व्हनेही तेच केलं. २०२२ च्या एलसीडी डेकची बॅटरी ४० ची होती, नोव्हेंबर २०२३ च्या ओएलईडीत ५० केली. चिप ७ ऐवजी ६ नॅनोमीटरवर, म्हणजे आणखी बारीक घडणीची, बनवली तीही विजेचा खर्च कमी करायला, गेमचा वेग जवळपास होता तिथेच ठेवला. दोन वेगळ्या कंपन्यांना दुसऱ्या खेपेला एकच गोष्ट सुधारावीशी वाटली. माझ्यासाठी हा वाद तिथे मिटला.

"फोनवरच खेळ की" म्हणणारेही असतात. फोनची बॅटरी मला शिवाजीनगरला उतरल्यावर लागते. रिक्षाचे पैसे त्याच्यावरून द्यायचे, घरी फोन करायचा, आईच्या औषधांचा फोटो दुकानदाराला पाठवायचा. खेळण्यासाठी ती संपवणं मला पटत नाही. शिवाय काचेवर अंगठे घासत अचूक उडी मारता येत नाही, इथे खरी बटणं आहेत.

वॅटनंतर ज्याचं मोल वाटलं ते म्हणजे वरचं पॉवरचं बटण. चाकणचा स्टॉप आला, बटण दाबलं, गेम जिथे आहे तिथे गोठला. लढाईच्या मधे असो, उडीच्या मधे असो. संध्याकाळी परत दाबलं की काही क्षणांत तिथूनच पुढे. सेव्ह पॉइंट शोधत बसायला लागत नाही. रात्रभर झोपवून ठेवला तर माझ्या यंत्रात पाच-सहा टक्के बॅटरी जाते.

बसमध्ये खेळणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी मला महिनाभर त्रास सोसून कळली. ५१२ जीबीच्या मॉडेलची काच चकचकीत आहे, परावर्तन कमी करणारी काच फक्त १ टीबीच्या मॉडेलला. सकाळी बस उत्तरेला जाते तेव्हा सूर्य उजवीकडे असतो. संध्याकाळी दक्षिणेला येताना तो पश्चिमेला, म्हणजे परत उजवीकडेच. नाशिक रस्त्यावर दोन्ही वेळेला डावीकडच्या खिडकीत बसा. स्क्रीनचा उजेड कमी ठेवता येतो आणि बॅटरीही वाचते. ओएलईडीत काळा भाग म्हणजे बंद दिवे, त्यामुळे अंधारे गेम आणखी कमी खातात.

चार्जरच्या बाबतीत सावध राहा. घरचा चार्जर बॅगेत टाकून फिरायला नको म्हणून मी दुसरा घ्यायला तपकीर गल्लीत गेलो. एका दुकानात "६५ वॅट" लिहिलेला स्वस्त मिळाला. घरी वॅटमीटर मधे लावून बघितलं, तर ९ व्होल्टच्या वर तो जातच नव्हता, जेमतेम १८ वॅट. डेकला १५ व्होल्ट, ३ अँपियर, म्हणजे ४५ वॅट लागतात, आणि चार्जरवर हा १५ व्होल्टचा आकडा वेगळा छापलेला असतो. तो वाचूनच घ्या, मोठ्या अक्षरातल्या वॅटवर जाऊ नका. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. त्याच गल्लीत दुसऱ्या दुकानात मी वॅटमीटर घेऊन गेलो, तिथल्या काकांनी तो स्वतः लावून दाखवला. तो चार्जर आजही उत्तम चालतोय.

धुळीचं सांगायला हवं. आपल्या रस्त्यांवर सतत काहीतरी खणलेलं असतं, बसच्या खिडक्या उघड्या, आणि डेकचा पंखा मागून हवा ओढून वरून सोडतो. मे महिन्यात पंख्याचा आवाज वाढल्यासारखा वाटला म्हणून उघडला. मागच्या झाकणाला आठ स्क्रू आहेत, ओएलईडीत ते टॉर्क्स टी६ चे, म्हणजे साधा चौफुलीचा स्क्रू-ड्रायव्हर चालत नाही. उघडायच्या आधी मायक्रोएसडी कार्ड काढा. ते आत राहिलं आणि झाकण ओढलं तर कार्ड मोडतं. यंत्र पूर्ण बंद करून मऊ ब्रशने पाती साफ केली, अर्धा तास लागला. मुलगी शेजारी बसून प्रत्येक स्क्रू कागदावर काढलेल्या गोलात ठेवत होती. आयफिक्सिट या दुरुस्तीच्या वेबसाइटवर सुट्या भागांची आणि उघडण्याची माहिती उपलब्ध आहे. ज्या वस्तूला इथे सर्व्हिस सेंटर नाही तिच्यासाठी ही माहितीच वॉरंटी.

ज्यांनी घेऊ नये त्यांच्यासाठी सरळ सांगतो. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट यावर चालत नाहीत. आत लिनक्सवर उभी असलेली स्टीमओएस आहे, विंडोजचे गेम प्रोटॉन नावाच्या थरातून चालतात, आणि या गेमची फसवणूक रोखणारी यंत्रणा तिथे काम करत नाही. मित्रांबरोबर तेच खेळायचं असेल तर हे यंत्र तुमचं नाही. मनगट दुखत असेल तरी विचार करा. ६४० ग्रॅम हे वजन पहिल्या अर्ध्या तासात कळत नाही, नंतर कळतं. मी बॅग मांडीवर ठेवून तिच्यावर टेकवतो.

मे महिन्यात आलेल्या स्टीमओएस ३.७ मध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आली. मी बुधवारी रात्री ती लावतो, गुरुवारभर डेक चार्जरवर असतो म्हणून. बाकी दिवस शंभर. बाबांनी मागच्या गुरुवारी कोपऱ्यातला आकडा बघून विचारलं की जुनी झाल्यावर ही बॅटरी किती तास चालेल. डेस्कटॉप मोडमध्ये (यंत्र साध्या कॉम्प्युटरसारखं वापरायची सोय) तिची उरलेली क्षमता बघता येते, तेव्हापासून एका वहीत दर महिन्याच्या एक तारखेला लिहून ठेवायला घेतलंय. ती ४० वॅट-तासांवर उतरली की माझे चौदाचे साडेअकरा होतील, राजी ३० फ्रेमवर आणावा लागेल. त्या दिवशी बॅटरी बदलायची की बसमध्ये पॉवर बँक न्यायची, ते वहीतले आकडे बघून ठरवू.