मोझेल की फाल्त्स? लहान मुलांना घेऊन दोन दिवस जायचं असेल तर

फ्रांकफुर्ट, माइन्झ, मानहाइमच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांत ऊन पडायला लागलं की हा प्रश्न निघतोच. शनिवार-रविवार द्राक्षांच्या मुलखात काढायचाय, मुलं लहान आहेत, तर मोझेल नदीच्या खोऱ्यात जावं की फाल्त्सला? दोन्ही जर्मनीतले वाइनचे प्रदेश. आम्ही दोन्हीकडे मुलांसकट राहून आलो आहोत आणि आता आमची पावलं फाल्त्सकडेच वळतात. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, कारण मोझेल सुंदर आहे याबद्दल वादच नाही.

नुसत्या देखाव्यावर निवड करायची असती तर मी मोझेलच म्हटलं असतं. नदीची ती वळणं, पाण्यापासून सरळ वर चढत गेलेल्या काळ्या पाटीच्या दगडाच्या उतारांवरच्या वेली, आणि माथ्यावर किल्ला. ब्रेमजवळचा कालमोंट हा तर साठ अंशांहून जास्त चढाचा मळा. तिथे उभं राहून वर पाहिलं की ही द्राक्षं माणसं हाताने तोडतात यावर विश्वास बसत नाही. काही उतारांवर एकाच रुळावर चालणारी छोटी गाडी माणसांना आणि सामानाला वर नेते. ती चालू दिसली तर मुलं तिथून हलत नाहीत. कोखेम गावचा राइख्सबुर्ग किल्ला १६८९ मध्ये फ्रेंच सैन्याने उद्ध्वस्त केला आणि १८६८ नंतर बर्लिनच्या एका धनिकाने तो पुन्हा उभा केला, ही गोष्ट पाच-सहा वर्षांच्या मुलांना पुरेपूर रंगवून सांगता येते. बुर्ग एल्त्स हा किल्ला त्याहून देखणा, पण आत गाइडबरोबरच फिरावं लागतं, बाबागाडीचा तिथे उपयोग नाही, आणि तीन वर्षांचं मूल जुन्या फर्निचरची माहिती ऐकत किती वेळ गप्प राहील हे तुम्हीच ठरवा.

आमचं घोडं अडलं ते रस्त्यावर. मोझेलचं खोरं अरुंद आहे. डोंगर, त्याला चिकटून गाव, गावापुढे रस्ता आणि रस्त्यापलीकडे नदी, अशी बहुतेक ठिकाणची मांडणी. कोब्लेन्झकडून आल्फपर्यंत बी ४९ आणि पुढे ट्रीरच्या दिशेने बी ५३ हे हमरस्ते नदीला धरूनच जातात. मुलांना हवं असतं पाणी, बदकं, हंस, बोटी, म्हणजे सगळं रस्त्यापलीकडे. कित्येक ठिकाणी हॉटेल रस्त्याच्या एका बाजूला आणि त्याची टेबलं दुसऱ्या बाजूला नदीकाठी असतात. जेवताना मुलाला शू लागली की रस्ता ओलांडा, जॅकेट खोलीत राहिलं की पुन्हा ओलांडा. त्यात रविवारी ऊन असलं की वळणांची मजा घ्यायला आलेल्या मोटरसायकलींची रांग लागते. आवाज डोंगरावर आपटून परत येतो, आणि दुपारी झोपलेलं बाळ दचकून उठतं. जुन्या गावातल्या गल्ल्या गोड आहेत, पण दगडी फरसबंदी, चढ आणि पायऱ्या, त्यामुळे बाबागाडी ढकलण्यापेक्षा उचलावीच जास्त लागते. दोन दिवस आम्हा दोघांपैकी एकाचा हात कायम मुलाच्या मनगटावर होता. विश्रांतीसाठी गेलेल्या माणसाला हे थकवतं. समोरच्या काठावर काही शांत गावं आहेत, हेही सांगायला हवं. तिथे खोली मिळाली तर हा त्रास पुष्कळ कमी होईल.

फाल्त्समध्ये हार्ट नावाची डोंगररांग एका बाजूला आणि ऱ्हाइनचं सपाट मैदान दुसऱ्या बाजूला, मध्ये द्राक्षांचा पट्टा. उत्तरेला बोकनहाइमपासून फ्रान्सच्या सीमेवरच्या श्वाइगनपर्यंत १९३५ साली आखलेली ८५ किलोमीटरची वाइनश्ट्रासं, म्हणजे वाइनचा रस्ता, त्यातूनच जाते. गावातल्या मुख्य रस्त्याला गाड्या आहेतच. पण एक गल्ली ओलांडली की मळे सुरू होतात, आणि मळ्यांमधून जाणाऱ्या सिमेंटच्या पाणंदींवर शेतकऱ्यांखेरीज कोणाला गाडी नेता येत नाही. डाइडेसहाइमहून फोर्स्टकडे आम्ही अशाच वाटेने जातो. मोठी पुढे पळते, धाकटा बाबागाडीतून उतरून प्रत्येक ओळीतला दगड गोळा करतो, आणि आम्ही मागून गप्पा मारत चालतो. समोरून एखादा ट्रॅक्टर आला तर तो लांबूनच दिसतो. द्राक्षतोडणीच्या दिवसांत मात्र ट्रॅक्टर बरेच असतात, तेवढं भान ठेवा. मुलाचा हात सोडून निवांत चालता येणं, माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

शिवाय मुलांसाठी जे आहे ते खरंच मुलांचं आहे. एडेनकोबनला तारेवरून जाणाऱ्या खुर्च्यांतून रीटबुर्ग किल्ल्यावर जाता येतं, पण खुर्ची दोघांची, म्हणून प्रत्येक लहान मुलामागे एक मोठं माणूस हवं. नॉयश्टाटच्या स्टेशनालगत जुन्या इंजिनांचं संग्रहालय आहे. तिथूनच एल्मश्टाइनच्या जंगलातल्या दरीत वाफेची कुकुक्सबेनल गाडी जाते. ती ठरावीक दिवशीच धावते, म्हणून आधी वेळापत्रक बघा. बाड ड्युर्कहाइमला ३०० मीटरहून लांब लाकडी चौकट आहे. काटेरी फांद्यांवरून तिथे खारं पाणी ठिबकत असतं आणि सर्दी झालेली मुलं त्या हवेत मनसोक्त पळतात. पाऊस लागलाच तर श्पायरचं तंत्र-संग्रहालय जवळ आहे. उंच खांबांवर चढवलेल्या बोइंग ७४७ मध्ये शिरून घसरगुंडीने खाली येता येतं म्हटल्यावर पावसाची कोणी तक्रार करत नाही. मोझेलला पाऊस लागला की आम्हाला काही सुचत नसे.

जेवणाचंही सांगतो, कारण आपल्यापैकी बरेच जण शाकाहारी आहेत. द्राक्ष पिकवणारे शेतकरी वर्षातून चार महिन्यांपर्यंत आपल्या अंगणात साधं जेवण आणि स्वतःची वाइन देऊ शकतात. त्या जागेला श्ट्राउसविर्टशाफ्ट म्हणतात आणि ४० पेक्षा जास्त बसायच्या जागा ठेवता येत नाहीत. मोझेललाही त्या आहेत, पण आमच्या मुलांना फाल्त्सची मोठी अंगणं जास्त मानवली. सालासकट उकडलेले बटाटे आणि चक्क्याच्या जवळ जाणारं पांढरं चीज हे मोठ्यांना, डांफनूडल, म्हणजे पिठाचा वाफवलेला गोळा, व्हॅनिला सॉसबरोबर मुलांना. कांद्याच्या केकमध्ये बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, मागवण्याआधी विचारून घ्या. वाइन-सोडा येतो अर्ध्या लिटरच्या डुबेग्लासमध्ये. ओला हात घसरू नये म्हणून त्याला बोटं रुततील असे खळगे असतात. आमच्या मुलीला त्याच पेल्यात द्राक्षाचा रस आणि सोडा मिळाला. दोन्ही हातांनी, प्रत्येक खळग्यात एकेक बोट घालून, ती तो पेला रिकामा होईपर्यंत धरून बसली होती.

मोझेल कधी निवडावं? मुलं आठ-दहा वर्षांची झाली असतील, किल्ले आणि सायकल झेपत असेल, तेव्हा जरूर. भारतातून आई-बाबा आले असतील तरीही मोझेलच, कारण बोटीत बसून दोन्ही काठ बघण्यात त्यांना आनंद वाटेल आणि नातवंडांना सांभाळायला चार हात जास्त असतील.

फाल्त्सला जायचं ठरलं तर वाइन करणाऱ्या कुटुंबाच्या घरीच खोली बघा. अंगण मिळतं आणि मोठ्यांना संध्याकाळी गाडी चालवायची नसते. बरेच जण एका रात्रीसाठी खोली देत नाहीत, म्हणून शुक्रवारीच पोहोचा. दूध, डायपर, फळं शनिवारी आणून ठेवा, रविवारी दुकानं बंद असतात. मार्चअखेर गिमेल्डिंगनला बदामाची झाडं गुलाबी होतात, पण संध्याकाळी थंडी असते. सप्टेंबरच हवा असेल तर दुसरा आणि तिसरा शनिवार-रविवार ड्युर्कहाइमच्या वुर्स्टमार्क्ट या वाइनच्या जत्रेमुळे गर्दीचा, तेव्हा एडेनकोबनच्या बाजूला राहा.