ओबीडी स्कॅनर, सात महिन्यांनंतर: पैसे वसूल, पण तक्रारी आहेत

जूनमध्ये हजारेक रुपयांना हा गाडीच्या बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारा ब्लूटूथ स्कॅनर घेतला आणि पाच महिने तो डॅशबोर्डच्या खणात पडून होता. डिसेंबरात इंजिनाचा पिवळा दिवा लागला. माझ्या गाडीला तापमानाचा काटा नाही, थंड इंजिनाचा निळा दिवा तेवढा आहे, आणि तो नेहमीसारखा विझत होता. गॅरेजवाले म्हणाले, "सेन्सर गेलाय, बदलून टाकू."

घरी येऊन स्टिअरिंगखालच्या पोर्टला स्कॅनर लावला. कोड पी०१२८: कूलंट (इंजिनात फिरणारं, त्याला गार ठेवणारं द्रव) हवं तेवढं तापत नाही.

कूलंट तापेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट. माझ्या गाडीत त्यावर वेगळा सेन्सर नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हिशेबानेच चोर पकडतो. गाडी सुरू करताना कूलंट किती गार होतं, बाहेरची हवा किती गार, इंजिनाने किती हवा ओढली, गाडी किती वेळ चालली, यावरून एव्हाना कूलंट किती तापायला हवं ते तो काढतो. सेन्सरचा आकडा मागे पडला की मनात नोंद करतो. पुढच्या फेरीतही तेच दिसलं की दिवा लावतो. कोड पुसून पाहिला, तिसऱ्या दिवशी परत हजर.

मग सेन्सरच खोटं बोलतोय का? रात्रभर उभ्या गाडीची सकाळी फक्त चावी फिरवली. कूलंट ११ अंश, आत येणारी हवाही ११. सेन्सर बिचारा निर्दोष. मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभा असताना आकडा ८१ पर्यंत चढला. विल्होळीकडे मोकळा रस्ता लागताच घसरत ६३ वर आला. वारा लागला की रेडिएटर गार करतोय, म्हणजे थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. कूलंट कमी असलं तरी हाच कोड येऊ शकतो, म्हणून कूलंटची बाटली आधीच पाहिली होती, ती भरलेली होती.

गॅरेजात आकडे दाखवले, तर नवा सल्ला: "काढूनच टाका, आपल्याकडे कशाला लागतो?" नाशिकची थंडी विसरले बहुतेक. इंजिन गार राहिलं की ईसीयू पेट्रोल जास्त सोडतो. माझं ॲव्हरेज १७ वरून १४ वर आलं होतं. नवा बसवून घेतला. आता आकडा ८८ च्या आसपास टिकतो, ॲव्हरेजही परत सतराच्या जवळ आलंय.

तक्रारी: ॲपमध्ये जाहिरातींचा भडिमार, फोन आला की ब्लूटूथ तुटतं. आणि एकदा स्कॅनर पोर्टातच विसरून आठवडाभर गावाला गेलो, आल्यावर बॅटरी झोपलेली. शेजाऱ्यांकडून जंपर केबल आणावी लागली. एक तारा कापलाय तो त्याचा.