भाडं, हप्ता आणि वाईट महिना: शेअरिंग सोडताना तीन घरांची तुलना

माझा मावसभाऊ पिंपरी-चिंचवडमध्ये वाकडला चौघांच्या शेअरिंगमध्ये राहतो. वय 29, हातात येणारा पगार 72 हजार. गणपतीत आरती झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, एकट्यासाठी वनबीएचके बघतोय तर वीस हजार भाडं सांगतात. त्यापेक्षा हप्ताच भरला तर काय वाईट?"

या प्रश्नाचं उत्तर घरातल्या प्रत्येक काकाकडे तयार असतं. भाडं म्हणजे पाण्यात, हप्ता म्हणजे मालकी. मीही 2022 च्या दिवाळीत कर्वेनगरचं आठ वर्षांचं शेअरिंग सोडून चिंचवडला जुन्या इमारतीत रिसेल, म्हणजे आधीच्या मालकाकडून, फ्लॅट घेतला, तेव्हा हेच गृहीत धरून घेतला. घर घेतल्याचा पश्चात्ताप नाही. पण आकडेमोड मात्र चुकीच्या गोष्टींची केली होती, म्हणून त्याच्यासाठी ती नव्याने केली.

शेअरिंगमध्ये खरं काय वाटलं जातं

त्याचा सगळा मिळून महिन्याचा खर्च 13 हजार. भाडं, लाइट बिल, वायफाय, कामाच्या मावशी, सिलिंडर, सगळं चार वाटे करून. हे खर्च वाटायच्या ॲपमध्ये दिसतं. दिसत नाही ते वेगळंच. कर्वेनगरला आमच्यातल्या एकीची नोकरी गेली तेव्हा चार महिने तिचं भाडं आम्ही दोघींनी भरलं, पुढे तिने फेडलं. मला डेंगी झाला तेव्हा रात्री दोनला रिक्षा शोधायला कुणीतरी होतं. प्लंबर येणार तर एक जण घरून काम करायची. भांडणंही झाली, ओट्यावरच्या खरकट्यावरून तर अगणित. पण वाईट महिना आला की तो वाटला जायचा.

बँक तो वाटून घेत नाही. त्यामुळे तिन्ही पर्यायांना मी एकच प्रश्न लावला: पगार सहा महिने थांबला, तर हे घर काय करेल?

पर्याय पहिला: एकट्याने भाड्याचं वनबीएचके

वाकडला वीस हजार भाडं धरलं, वर लाइट, इंटरनेट, कामवाली, गॅस मिळून सहा. म्हणजे 26 हजार, आत्ताच्या बरोबर दुप्पट. शिवाय डिपॉझिट, आणि एजंटला एक महिन्याचं भाडं.

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात तशी सक्ती आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून त्यावरही तेवढंच. नोंदणी फी शहरात एक हजार. म्हणजे सरकारी खर्च दोन हजारांच्या आत. एजंट सहा हजार मागत असेल तर हिशेब मागा.

"बॅचलर आहात का?" हा प्रश्न चार जण मिळून जाताना जितका बोचतो, तितका एकट्याने जाताना बोचत नाही असं मला वाटलं होतं. उलटच निघालं. एकट्या मुलीबद्दल सेक्रेटरींना जास्त प्रश्न पडतात.

पगार थांबला तर? डिपॉझिटातून दोन-तीन महिने निघतात, नाहीतर नोटीस देऊन परत शेअरिंगला जाता येतं. लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याची मुदत, किती महिन्यांची आहे तेवढं सही करण्याआधी वाचा.

पर्याय दुसरा: बांधकाम चालू असलेला फ्लॅट

भावाचं मन इथे अडकलं होतं. पुनावळ्याला सॅम्पल फ्लॅट पाहून आला, त्यातल्या पलंगापर्यंत सगळं त्याला आवडलं. (सॅम्पल फ्लॅटमधले पलंग बऱ्याचदा नेहमीच्या मापापेक्षा छोटे असतात. टेप घेऊन जा.)

तुलना सोपी जावी म्हणून इथेही आणि रिसेललाही करारातली किंमत 50 लाख धरते. नियमाप्रमाणे 30 ते 75 लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे 40 लाख. मुद्रांक आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. मग स्वतःचे 10 लाख. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे साडेतीन लाख. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. नोंदणी फी 30 हजार. आणि बांधकाम चालू आहे म्हणून 5 टक्के जीएसटी, अडीच लाख. ताब्याच्या वेळी आगाऊ मेंटेनन्स, मीटर, सोसायटी स्थापनेचे पैसे वेगळे. एकूण खिशातले सतरा लाख तरी.

इथे 45 लाखांची एक रेघ आहे. पार्किंगसकट एकूण आकारणी 45 लाखांपर्यंत आणि कार्पेट, म्हणजे घरातलं वापरायचं क्षेत्रफळ, 90 चौरस मीटरपर्यंत असेल तर जीएसटी 1 टक्का. (मुंबई महानगरात हीच मर्यादा 60 चौरस मीटर आहे, पुणे त्या यादीत नाही.) 44 लाखांच्या फ्लॅटला 44 हजार जीएसटी, 46 लाखांच्या फ्लॅटला 2 लाख 30 हजार. दोन लाखांच्या फरकासाठी जवळपास आणखी दोन लाख. बिल्डरशी घासाघीस करायची तर ती या रेघेपाशी करावी.

खरी मेख मात्र महिन्याच्या हिशेबात आहे. कर्ज टप्प्याटप्प्याने सुटतं. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, त्याच्या नमुना कराराप्रमाणे शेवटचा स्लॅब पडेपर्यंत किमतीच्या 70 टक्क्यांपर्यंत रक्कम मागता येते, म्हणजे 35 लाख. त्यातले 10 आपले, 25 बँकेचे. साडेआठ टक्क्यांनी 25 लाखांचं नुसतं व्याज, ज्याला प्री-ईएमआय म्हणतात, महिन्याला 17,708. मुद्दल एका रुपयाने कमी होत नाही. आणि राहतोय कुठे? शेअरिंगमध्येच, 13 हजार भरून. म्हणजे 30 हजार सातशे देऊन हाती तोच बंक बेड.

ताबा लांबला तर रेरा कायद्यात सोय आहे: व्याजासह पैसे परत घेऊन बाहेर पडा, किंवा थांबा आणि विलंबाच्या दर महिन्याचं व्याज घ्या. कागदावर हे भक्कम आहे. प्रत्यक्षात तक्रार, सुनावणी, वसुली या सगळ्याला वेळ लागतो आणि तोवर प्री-ईएमआय आपणच भरत असतो. तरी दोन गोष्टी पाळा. करार नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे द्यायचे नाहीत, बिल्डरलाही ते घेता येत नाहीत. आणि महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या रेरा नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख आधी किती वेळा पुढे ढकलली आहे ते बघा. मला ब्रोशरपेक्षा ते पान जास्त बोलकं वाटतं.

पाण्याचंही बघा. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झालं, आणि नव्या वस्त्यांत उरलेली कसर टँकर भरून काढतो. टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं. शेजारच्या राहत्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा, एप्रिलमध्ये रोज किती टँकर येतात. विक्री कार्यालयात याचं उत्तर कधीच सरळ मिळत नाही.

पगार थांबला तर? तिन्हींत हा पर्याय सगळ्यात कच्चा. घर विकायला ते अजून झालेलं नाही, आणि राहायलाही नाही.

पर्याय तिसरा: जुन्या सोसायटीतलं रिसेल

जीएसटी नाही. ताबा लगेच. भिंतीची ओल, शेजारी, पाण्याची वेळ, सगळं डोळ्यांनी दिसतं. त्याच 50 लाखांना 10 लाख स्वतःचे, साडेतीन लाख मुद्रांक, 30 हजार नोंदणी, एक टक्का दलाली 50 हजार, सोसायटीचं हस्तांतर शुल्क, वकील आणि बँकेची फी. पंधरा लाखांच्या आसपास, घराला रंग द्यायच्या आधी. हे सगळे एकदम लागतात, टप्प्याने नाही. जुन्या इमारतीचं बँकेचं मूल्यांकन कमी आलं तर आणखी.

महिन्याला 40 लाखांचा वीस वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी 34,713. पहिल्या हप्त्यात व्याज 28,333 आणि मुद्दल 6,380. काकांना हे सांगा: पहिल्या महिन्यातली "मालकी" सहा हजार तीनशे ऐंशी रुपयांची. बाकीचंही पाण्यातच, फक्त बँकेच्या. मेंटेनन्स, घरपट्टी आणि रोजचा खर्च धरून 42 हजार.

कागदांत माझा जीव गेला. मूळ बिल्डरपासून आजवरचे सगळे करार, प्रत्येकाचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला कराराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र. विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतात, ते सुटण्याचा क्रम वकिलाकडून लिहून घ्या. सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का, म्हणजे बिल्डरने जमिनीची मालकी सोसायटीला दिलीय का, हे सेक्रेटरींना विचारा. नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरशिवायच मालकी नावावर करून घेण्याचा, मार्ग आहे, पण तो होईपर्यंत "पुनर्विकासात मोठं घर मिळेल" या आशेवर एक रुपयाही जास्त देऊ नका. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस आपण कापून भरायचा असतो. विकणारे काका यावर रुसतात, रुसू द्या.

आमच्या भागापुरत्या आणखी दोन गोष्टी. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती रेड झोन, म्हणजे बांधकामावर बंधन असलेला पट्टा, आहे. तळवडे, निगडी, किवळे अशा भागांत कुठली इमारत त्यात येते ते नकाशावर तपासल्याशिवाय टोकन देऊ नये. आणि पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाच्या जमिनी मुळात 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या, तिथे हस्तांतराची परवानगी आणि शुल्क हा वेगळा विषय असतो. घर फारच स्वस्त वाटलं तर बहुधा यांतलं काहीतरी किंवा गुंठेवारी (परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकलेली जमीन) निघते.

हस्तांतर शुल्काला महापालिका हद्दीत 25 हजारांची मर्यादा आहे. माझ्याकडे वर एक लाखाची "स्वेच्छा देणगी" मागितली गेली. मी इच्छा नाही असं लेखी कळवलं. ना हरकत पत्र पाच आठवडे उशिरा आलं, पण आलं.

मग पहिला पाऊस. बेडरूमच्या छतातून वरच्यांच्या बाथरूमचं पाणी. भाड्याच्या घरात मी मालकाला फोटो पाठवून झोपले असते. इथे मालक मीच. वरचे म्हणायचे फरशी तुमच्या बाजूने फुटली असेल. आठ महिने, तीन मीटिंगा, शेवटी वॉटरप्रूफिंगचे 38 हजार अर्धे-अर्धे. त्या आठ महिन्यांत मला पैशापेक्षा जास्त जाणवलं ते हे, की संध्याकाळी घरी येऊन हे सांगायला कुणी नव्हतं. एकटं राहायची सवय नसताना मी एकदम वीस वर्षांची सही केली होती.

पगार थांबला तर? हप्ता थांबत नाही. पण घर राहतं आहे: एक खोली देता येते, किंवा अख्खं भाड्याने देऊन आपण परत शेअरिंगला जाता येतं. तेव्हा मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनवापर शुल्क लावते, तेही सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. दुसऱ्या पर्यायापेक्षा हे खूपच बरं.

मध्येच येणारे दोन सल्ले

"टॅक्स वाचेल." घर राहण्यासाठी घेतलं असेल तर गृहकर्जाच्या व्याजाची दोन लाखांची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला तसाही कर नाही, पगारदारांना पावणेतेरा. भाऊ त्याच्या आतच आहे. त्याचा वाचणारा टॅक्स शून्य.

"मित्र-मित्र मिळून घ्या." बँका संयुक्त गृहकर्ज सहसा नवरा-बायको, आई-वडील, भावंडं अशा नात्यांतच देतात. शिवाय शेअरिंगमधला फ्रिज कुणी न्यायचा यावर जिथे महिनाभर अबोला होतो, तिथे फ्लॅट नको.

मग त्याला काय सांगितलं

बिल्डरचा फ्लॅट मी यादीतून काढायला लावला. ज्याच्याकडे राहायला आई-वडिलांचं घर आहे त्याच्यासाठी तो ठीक असेल, भाडं आणि प्री-ईएमआय दोन्ही भरणाऱ्यासाठी नाही.

रिसेलला पंधरा लाख, अधिक सहा महिन्यांचा खर्च 42 हजारांप्रमाणे अडीच लाख: साडेसतरा. त्याच्याकडे अकरा आहेत. कमी पडतात साडेसहा. शेअरिंगमध्ये राहून तो महिन्याला 30 हजार टाकतो, म्हणजे 22 महिने. एकट्याने भाड्याने राहिला तर 17 हजार उरतील, म्हणजे 38 महिने. निव्वळ गणित शेअरिंगच्या बाजूने आहे, आणि त्याने ते माझ्याआधी ओळखलं.

तरीही मी म्हटलं, अकरा महिने एकटा राहा. त्याहून जास्त नाही. 13 हजार जास्तीचे गुणिले अकरा, अधिक दलाली आणि करार: एक लाख 65 हजार. वीस वर्षांच्या सहीआधीची ही रंगीत तालीम आहे, आणि तिची किंमत मुद्रांक शुल्काच्या निम्मीही नाही. एकट्याचं लाइट बिल, रविवारची शांतता, ताप आल्यावरची रात्र, हे सगळं नोटीस देऊन परत करता येण्याजोग्या घरात कळू दे. जमलं नाही तर परत शेअरिंग, या वेळी स्वतंत्र खोली घेऊन, चार-पाच हजार जास्त गेले तरी.

त्याने काळेवाडीला वनबीएचके घेतलं, सोळा हजारात. म्हणजे तालीम माझ्या हिशेबापेक्षा स्वस्त पडली. तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेअकराला फोन आला. कचरा टाकायला खाली गेला होता, दार मागून लागलं, किल्ली आत. दुसरी किल्ली कुठे, विचारलं तर तीही आतच, खिळ्याला.

किल्लीवाल्याने साडेसातशे घेतले.