रिच-बर्न इंजिनाचा थ्री-वे कॅटॅलिस्ट: डबा चांगला, पण कंट्रोलर बघून घ्या

अमेरिकेत ईपीएने (पर्यावरण संरक्षण संस्थेने) २०२३च्या, शेजारच्या राज्यात जाणारं प्रदूषण रोखणाऱ्या ‘गुड नेबर’ नियमात नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनवरच्या १,००० हॉर्सपॉवर आणि त्याहून मोठ्या फोर-स्ट्रोक रिच-बर्न (इंधन जळायला जेमतेम पुरेल इतकीच हवा घेणाऱ्या) गॅस इंजिनांना नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा घातली: १.० ग्रॅम प्रति हॉर्सपॉवर-तास, १ मे ते ३० सप्टेंबर या ओझोनच्या हंगामात. जून २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने या नियमाला स्थगिती दिली. पण काही राज्यांचे स्वतःचे नियम आहेतच, त्यामुळे थ्री-वे कॅटॅलिस्टचा (एक्झॉस्टमधले घातक वायू मोडणाऱ्या डब्याचा) खर्च टळला असं कोणी समजू नये.

कॅटॅलिस्टबद्दल तक्रार नाही. नीट चालला तर नव्वद टक्क्यांहून जास्त नायट्रोजन ऑक्साइड कापतो आणि दुसऱ्या काही यंत्रणांसारखी अमोनियाची टाकी लागत नाही. गोम आहे ती हवा आणि इंधनाचं प्रमाण राखणाऱ्या कंट्रोलरमध्ये. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन ०.५ टक्क्याच्या आत राहिला तरच हे काम होतं. मिश्रण जरा लीन (हवा जास्त) झालं की नायट्रोजन ऑक्साइड उसळतो. फार रिच (इंधन जास्त) झालं की कार्बन मोनॉक्साइड वाढतो, वर अमोनियाही तयार होतो. हातातल्या अ‍ॅनालायझरवर नायट्रोजन ऑक्साइड चढलेला आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास शून्य दिसला, तर कॅटॅलिस्ट मेला म्हणून नवा मागवू नका. आधी कंट्रोलरचा सेटपॉइंट (त्याला ठरवून दिलेलं लक्ष्य) तपासा.

एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गॅस्केट गळत असेल तर बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला मिश्रण लीन वाटतं आणि कंट्रोलर उगाच इंधन वाढवत सुटतो. मिसफायरमध्येही (सिलिंडरमधला गॅस न पेटता बाहेर गेला की) हेच होतं, शिवाय न जळलेला गॅस कॅटॅलिस्टमध्येच पेटून आतली जाळी वितळते. स्पार्क प्लगकडे दुर्लक्ष करून वाचवलेले पैसे इथे व्याजासकट जातात.

इंजिनाचं तेल कमी राखेचंच वापरा. तेलातले झिंक आणि फॉस्फरस जाळीवर बसले की धुऊन थोडी जान परत येते, पूर्ण नाही.

रिच-बर्न इंजिनांवरच्या अशा कॅटॅलिस्टसाठी ईपीएच्या दुसऱ्या एका नियमात आत शिरणाऱ्या एक्झॉस्टचं (इनलेट) तापमान ७५० ते १,२५० अंश फॅरनहाइट ठेवायला सांगितलं आहे. डब्यातून जाताना होणारी दाबातली घटही पहिल्या चाचणीच्या आकड्यापासून २ इंच पाण्याच्या दाबापेक्षा जास्त हलता कामा नये. त्यामुळे डब्याच्या दोन्ही बाजूंना दाब मोजायचं टॅपिंग आणि तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची जागा नसेल, तर तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. नुसता डबा विकणाऱ्याला आधी विचारा: कंट्रोलर कोणाचा, आणि सेन्सर बदलल्यावर तो पुन्हा ट्यून कोण करणार?