क्रॅश गार्ड मजबूत करायचा, पण नेमका कुठे? लहान ॲडव्हेंचर मोटरसायकलसाठी तीन मार्गांची तुलना

नाशिकमध्ये एक्सपल्स २००, व्ही-स्ट्रॉम एसएक्स किंवा हिमालयन घेतलेल्या माणसाला पहिल्या पावसाळ्यानंतर एक प्रश्न हमखास पडतो. गाडीवर आधीपासून असलेला क्रॅश गार्ड, म्हणजे पडल्यावर इंजिन वाचवणारा नळ्यांचा सांगाडा, पुरेसा आहे, की तो आणखी भक्कम करून घ्यावा? हरिहरच्या पायथ्याकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, भावली धरणाच्या मागच्या बाजूला किंवा साल्हेरच्या परिसरात गाडी आडवी होते. उचलून पाहिल्यावर गार्ड दोन बोटे आत सरकलेला असतो आणि टाकी किंवा इंजिनचे कव्हर थोडक्यात वाचलेले असते. त्यानंतर समोर साधारण तीन मार्ग असतात. आहे तोच गार्ड ठेवून त्याची माउंटिंग (गाडीला जोडण्याच्या जागा) आणि दोन्ही बाजूंचा जोड मजबूत करणे हा पहिला. अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून त्याच गार्डवर जादा नळी आणि गसेट (सांध्याला बळ देणारा पत्र्याचा तुकडा) वेल्ड करून घेणे हा दुसरा. जुना गार्ड काढून इंजिनपासून टाकीपर्यंत वेढणारा पूर्ण पिंजरा बसवणे हा तिसरा. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: बहुतेकांनी पहिला मार्ग धरावा, कारण गार्ड निकामी होतो तो बहुधा नळीच्या मधोमध नव्हे, तर गाडीला जिथे जोडलेला असतो तिथे.

गार्डकडून किती अपेक्षा ठेवायची हे आकड्यांत पाहिले, तर पुढची निवड सोपी होते. एक्सपल्स २०० ४व्ही सुमारे १६० किलो वजनाची आहे. ही गाडी उभ्या जागी आडवी झाली आणि तिचा गुरुत्वमध्य ढोबळमानाने ३० सेंटिमीटर खाली आला असे धरले, तर जमिनीवर आदळताना सुमारे ४७० ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. तीच गाडी ताशी २० किलोमीटर वेगाने चालत असेल, तर चालकाचे वजन न धरताही तिच्यात सुमारे २,५०० ज्यूल गतिज ऊर्जा असते; ताशी ६० किलोमीटरला हा आकडा २२,००० ज्यूलच्या पुढे जातो. पहिल्या प्रकारची पडझड चांगला गार्ड पूर्णपणे सोसतो. दुसऱ्या प्रकारात बरीचशी ऊर्जा घसरण्यात खर्च होते आणि गार्ड इंजिनला जमिनीपासून दूर ठेवतो. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे मुंबई महामार्गावर गाडी घसरत जाऊन दुभाजकावर आदळली तर, नळी दुप्पट जाड असली तरी परिणामात विशेष फरक पडत नाही. म्हणून मजबुतीचा विचार कमी वेगाच्या, दगडधोंड्यांवरच्या पडण्यापुरता करावा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट असावी. गार्ड हे यंत्राचे संरक्षण आहे, पायाचे नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी झाली आणि तिचा अहवाल १९८१ मध्ये आला. त्यात असे दिसले, की क्रॅश बारमुळे घोट्याच्या आणि पावलाच्या इजा कमी होतात, पण गुडघा, मांडी आणि नडगीच्या इजा तितक्याच वाढतात. त्यामुळे ज्याच्याकडे अजून चांगले बूट आणि गुडघ्याचे पॅड नाहीत, त्याने गार्डवर खर्च करण्याआधी ते घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

आता पहिल्या मार्गाकडे वळू. सपाट जागी गाडी डाव्या अंगावर पडते तेव्हा ती साधारणपणे तीन ठिकाणी टेकते: हँडलचे टोक, गार्डचा सर्वांत बाहेर आलेला भाग आणि फूटपेग. गार्डवरचा भार आत आणि किंचित वर ढकलणारा असतो, आणि गार्ड जितका बाहेर आलेला तितका त्याच्या ब्रॅकेटवर (गाडीला बोल्टने जोडणाऱ्या पट्टीवर) पडणारा पीळ मोठा. डावा आणि उजवा गार्ड स्वतंत्र असतील, तर हा सगळा पीळ एकाच बाजूच्या दोन-तीन बोल्टांवर येतो. दोन्ही बाजूंना जोडणारी एक आडवी नळी डाउनट्यूबच्या (फ्रेमच्या इंजिनापुढून खाली येणाऱ्या नळीच्या) पुढून किंवा इंजिनखालून बोल्टने बसवली, की पडलेल्या बाजूचा भार दुसऱ्या बाजूच्या माउंटिंगवरही वाटला जातो आणि ब्रॅकेट आत वाकण्याची शक्यता बरीच कमी होते. एवढ्याशा जोडाने मिळणारी ताकद नळी जाड करून मिळत नाही. शिवाय हा जोड बोल्टचा असल्यामुळे वाकला तर तेवढाच बदलता येतो.

बोल्टांबाबत मात्र काटेकोर राहावे लागते. इंजिन माउंटिंगचे मूळ बोल्ट बहुधा ८.८ किंवा त्याहून वरच्या ग्रेडचे असतात; ८.८ म्हणजे सुमारे ८०० मेगापास्कल ताणबळ आणि ६४० मेगापास्कलला कायमची विकृती सुरू. गंजू नये आणि चकाकी राहावी म्हणून त्यांच्या जागी सर्रास वापरला जाणारा स्टेनलेस ए२-७० बोल्ट ७०० मेगापास्कलचा असतो, आणि त्याची विकृती ४५० मेगापास्कललाच सुरू होते. म्हणजे दिसायला बोल्ट चांगला, आणि गार्ड मात्र पूर्वीपेक्षा कमकुवत. ब्रॅकेटची जाडी वाढली की बोल्टची लांबीही त्या प्रमाणात वाढवावी लागते. पोलादी नटात आटे किमान बोल्टच्या व्यासाइतके आत गेले पाहिजेत, आणि ॲल्युमिनियमच्या कव्हरमध्ये व्यासाच्या दीडपट. ब्रॅकेट आणि फ्रेम यांच्यात फट राहत असेल, तर बोल्ट आवळून ती ओढून घेऊ नये. योग्य जाडीचा पोलादी स्पेसर घालावा, नाहीतर गाडी न पडताही ब्रॅकेट सतत ताणाखाली राहतो आणि एक सिलिंडरच्या इंजिनाच्या कंपनांनी तिथेच चिरतो.

दुसरा मार्ग, म्हणजे वेल्डिंगने मजबुती, नाशिककरांना विशेष मोहात पाडणारा आहे, कारण दोन्ही औद्योगिक वसाहतींत नळी वाकवणारे, लेझरने पत्रा कापणारे आणि पावडर कोटिंग करणारे हाताशी आहेत. काम चांगले झाले तर हा मार्ग उत्तम आहे. पण चांगले म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. प्रथम नळी. २२ मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची नळी मीटरला साधारण ९८७ ग्रॅम भरते. २५.४ मिलिमीटर व्यासाची, १.६ मिलिमीटर जाडीची नळी मीटरला सुमारे ९३९ ग्रॅम भरते, म्हणजे थोडी हलकीच. तरीही वाकण्याला तिचा विरोध सुमारे ३४ टक्के अधिक असतो. व्यास वाढवल्याने कडकपणा फार वेगाने वाढतो. याची दुसरी बाजूही आहे. पातळ भिंतीची नळी टोकदार बेसाल्टच्या दगडावर पडली, तर तिला पोचा येतो, आणि पोचा आलेली नळी पुढच्या पडण्यात त्याच जागी दुमडते. आपल्या भागातले दगड धारदार कडांचे आहेत, म्हणून बाहेरच्या वळणावर २ मिलिमीटरची भिंत आणि आतल्या जोडांना पातळ भिंतीची मोठ्या व्यासाची नळी, अशी विभागणी मला योग्य वाटते. पाण्याच्या लाइनसाठीची आयएस १२३९ ची पाइप दुकानात चटकन मिळते. मात्र फॅब्रिकेटरला वाहनांसाठीच्या आयएस ३०७४ प्रतीची नळी मागावी.

वेल्डिंग करताना गार्ड गाडीवरून पूर्ण काढलाच पाहिजे. इंधन इंजेक्शन आणि एबीएस असलेल्या गाडीवर गार्ड जागेवर ठेवून टाके मारणे म्हणजे ईसीयू (इंजिनचा संगणक), सेन्सर आणि टाकीतले पेट्रोल या तिन्हींशी जोखीम घेणे आहे. फ्रेमवर तर काहीही वेल्ड करू नये. त्याने वॉरंटी धोक्यात येते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ स्वरूपात बदल केल्याचा प्रश्नही उभा राहू शकतो. पावडर कोटिंग आणि जस्ताचा मुलामा जोडाच्या जागी पूर्ण घासून काढल्याशिवाय वेल्ड धरत नाही, आणि जस्ताचा धूर वेल्डरच्या फुप्फुसांना घातक असतो. गार्ड ३०४ स्टेनलेसचा असेल तर भरणीची तार ३०८एल, आणि स्टेनलेसला साधे पोलाद जोडायचे असेल तर ३०९एल लागते. हा प्रश्न विचारल्यावर कारागीर लगेच उत्तर देतो की नाही, यावरून त्याची बरीचशी पारख होते.

या मार्गाचा खरा धोका चुकीच्या जागी दिलेली ताकद हा आहे. गार्ड वाकला पाहिजे. फ्रेमचा कान (बोल्टची पट्टी) किंवा इंजिनच्या केसिंगवरचा बॉस (बोल्ट बसतो तो उंचवटा) तुटता कामा नये. उत्साहाच्या भरात बाहेरच्या वळणावर पाच मिलिमीटरचे चौकोनी तुकडे लावून घेतले, तर गार्ड मुळीच वाकत नाही आणि सगळा धक्का थेट माउंटिंगला जातो. वाकलेला गार्ड बदलता येतो. तुटलेल्या केसिंगसाठी मात्र इंजिन उघडावे लागते. म्हणून गसेट त्रिकोणी असावा, त्याचे टोक नळीवर हळूहळू संपावे, आणि तो ब्रॅकेट व नळी यांच्या सांध्याजवळ असावा. बाहेरचे वळण मोकळे सोडावे.

तिसऱ्या मार्गातला पूर्ण पिंजरा तयार मिळतो. शिंगाडा तलाव परिसरातल्या ॲक्सेसरीच्या दुकानांत लोकप्रिय गाड्यांसाठीचे नमुने पाहायला मिळतात. त्याचा मोठा गुण हा, की टाकी, ऑइल कूलर आणि हिमालयन ४५० सारख्या पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत रेडिएटरची बाजू, असे सगळे एकत्र झाकले जाते. साध्या खालच्या गार्डने रेडिएटर वाचत नाही, आणि रेडिएटर फुटला तर मुल्हेरच्या पुढे गाडी जागच्या जागी थांबते. रेडिएटर असलेल्या गाडीसाठी म्हणूनच मी या पर्यायाकडे जास्त झुकतो. हवेने आणि तेलाने थंड होणाऱ्या हलक्या गाडीला मात्र वरच्या पिंजऱ्याचे वजन जाणवते, कारण ते पुढे आणि उंचावर असते. फार रुंद पिंजरा कारवीच्या अरुंद वाटेत अडकतो, आणि रस्त्यावर घसरताना त्याचे टोक मातीत रुतले तर गाडी उलटी फेकली जाऊ शकते. काही पिंजऱ्यांमुळे ऑइल फिल्टर किंवा ड्रेन बोल्ट झाकला जातो आणि प्रत्येक सर्व्हिसिंगला तो उतरवावा लागतो. हे विकत घेण्याआधी पाना हातात घेऊन तपासावे.

कोणताही मार्ग घेतला तरी एक तपासणी टाळता येत नाही. एक्सपल्सच्या पुढच्या सस्पेन्शनची हालचाल १९० मिलिमीटर आहे. आडवी नळी डाउनट्यूबच्या पुढे बसवली, तर सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टायर किंवा मडगार्ड तिला टेकतो का, हे दोघा-तिघांनी हँडलवर भार देऊन किंवा फोर्कमधली स्प्रिंग काढून पाहिले पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का आणि सायलेन्सरच्या गरम पाइपपासून पुरेसे अंतर आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

नायलॉनचे स्लायडर (फ्रेमला बाजूने लावायची बोंडे) रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांसाठी ठीक आहेत. दगडांत एकाच बिंदूवर सगळा भार येत असल्याने मी त्यांची शिफारस करणार नाही. बॅश प्लेट, म्हणजे इंजिनखालचा संरक्षक पत्रा, मात्र गार्डइतकीच आवश्यक आहे, आणि हँडगार्ड घ्यायचा तर आत ॲल्युमिनियमची पट्टी असलेलाच घ्यावा, कारण नुसत्या प्लास्टिकने क्लचचा लिव्हर वाचत नाही.

वणी-सापुतारा, पेठ, भंडारदरा अशा डांबरी रस्त्यांवर अधिक आणि कच्च्या वाटेवर क्वचित जाणाऱ्याने पहिला मार्ग घेऊन तिथेच थांबावे. दर पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीच्या चिखलात आणि कातळावर जाणाऱ्या, हलकी गाडी असलेल्या माणसाने पहिल्या मार्गावर दुसऱ्यातले फक्त सांध्याजवळचे गसेट जोडावेत. रेडिएटर असलेली गाडी, सामान आणि लांबचे प्रवास असतील, तर पूर्ण पिंजरा घ्यावा, पण दोन्ही बाजू एकमेकांना जोडणारा. ज्यात डावी-उजवी बाजू सुटी आहे तो स्वस्त असला तरी नको. वाहन विमा घेताना अशी ॲक्सेसरी जाहीर करून तिचा समावेश करून घेतला नसेल, तर अपघातानंतर तिची भरपाई धरली जात नाही, म्हणून पावती जपून ठेवून नूतनीकरणाच्या वेळी ती दाखवावी.

काम झाल्यावर बोल्ट टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याप्रमाणे आवळून प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर रंगाची एक रेघ ओढावी. पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर आणि प्रत्येक पडण्यानंतर ती रेघ तुटलेली दिसते का आणि वेल्डच्या कडेला रंगात केसासारखी चीर आली आहे का, हे पाहावे. रेघ सरकली असेल तर बोल्ट पुन्हा आवळावा, आणि चीर दिसली तर गार्ड उतरवून वेल्डरकडे न्यावा.